दहा माणसं नसलेल्या दुकानातून

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, मालवणच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी राहून मला नऊ वर्षं झाली. शेट सोडून आम्ही चौघं आहोत. हा चारचा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आधी चांगलं सांगते, नाहीतर वाटेल बाई नुसती गाऱ्हाणी घेऊन बसली. (आमच्याकडे गाऱ्हाणं देवापुढे घालतात आणि बाकीचे मागून "व्हय महाराजा" म्हणतात. तुमच्यापुढे घालताना मागे कोणी नाही, एवढाच फरक.)

काम मला आवडतं. मागच्या पावसात एक आजोबा आले. छत्री दाराशी ठेवली आणि म्हणाले, "चेडवा, माका झिलाचा तोंड बघूक व्हया. बाकीचा काय नको." फोन चालू करून दिला, मुंबईच्या मुलाचा फोटो पहिल्याच पानावर लावला, हिरवं कुठलं, लाल कुठलं ते दाखवलं. तीन दिवस रोज येत होते. कारण हिरवं बटण नुसतं दाबून चालत नाही, वर सरकवावं लागतं, आणि जन्मभर नांगर धरलेलं बोट त्या काचेला कळतच नाही. बोट ओलं करून बघितलं, अंगठ्याने बघितलं. चौथ्या दिवशी दुकानातच फोन लागला. मुलगा लोकलच्या दारात उभा होता. तो "बाबा, आवाज येता काय?" करत राहिला आणि आजोबा एक शब्द न बोलता नुसते बघत राहिले. जाताना पिशवीतून दोन नारळ काढून काउंटरवर ठेवले. असल्या कामाचा इन्सेंटिव्ह कुठल्या शीटमध्ये धरत नाहीत, पण नऊ वर्षं टिकले ती त्याच्यावर.

2020 च्या जूनमध्ये शाळा मोबाईलवर भरायला लागल्या, तेव्हा आमच्या दुकानासमोर आयांची रांग असायची. कंपनी कुठली, कॅमेरा किती, कोणी विचारत नव्हतं. "ह्याच्यार शाळा चलतली मां?" एवढंच. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला होता. ते खातं तुमचं नाही, मला माहीत आहे. पण भाव का वाढला याचा खुलासा त्या आयांना द्यायला काउंटरवर आम्हीच होतो. फोन घेतलेली पोरं मग रेंजसाठी डोंगरावर चढायची, त्याची बोलणीही आम्हीच खाल्ली.

आता दुसरी बाजू.

आमच्या चौघांपैकी दोघं प्रमोटर आहेत, म्हणजे एका मोबाईल कंपनीचे फोन खपवायला दुकानात उभी केलेली पोरं. अंगावर टी-शर्ट कंपनीचा, पगार तिसऱ्याच एजन्सीचा आणि सकाळी झाडू मारायला सांगणार आमचा शेट. त्यातल्या बावीस वर्षांच्या पोराला एकदा विचारलं, तुझा मालक कोण रे? तो हसला आणि म्हणाला, "व्हॉट्सअॅप ग्रुप." खोटं नाही ते. दिवसाचे आकडे रात्री ग्रुपवर टाकायचे, कमी पडले की ग्रुपवरच सगळ्यांसमोर नाव काढलं जातं. नेमणुकीचं पत्र म्हणाल तर इंग्रजीतली एक पीडीएफ आहे. ती त्याने वाचलेली नाही आणि मला वाचून कळलेली नाही.

टार्गेट काढणाऱ्याच्या कॅलेंडरात समुद्र नसतो. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. खलाशी घरी, होड्या वर ओढलेल्या, त्यात पाऊस. आंब्याचे पैसे आले असतील त्यांनी मे अखेरीलाच काय ते घेतलेलं असतं. त्या दोन महिन्यांत मालवणात नवा फोन घेतो तो ज्याचा जुना पाण्यात पडला तो. पैसा पुन्हा फिरायला लागतो नारळी पौर्णिमेनंतर आणि खरी गर्दी चतुर्थीच्या आधी. पण जुलैचं टार्गेट येतं ते पुण्याच्या दुकानाला येतं तसंच. पोरगा मग काय करतो? दारात आलेल्या प्रत्येकाच्या मागे लागतो, वाढीव वॉरंटी गळ्यात मारतो, आणि दोन वर्षांनी तोच गिऱ्हाईक माझ्यासमोर उभा राहतो.

पाण्यात पडलेल्या फोनचं सांगितलं म्हणून आठवलं. दांडीच्या किनाऱ्यावरचे एक काका फोन घेऊन आले. महागातला, बारा हप्त्यांतले सात फेडून झालेले. घरी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला होता, चार्जिंगच्या भोकात तांदळाचा एक दाणा तसाच अडकलेला. टॉर्च मारून बघितलं तर आत पिना हिरव्या पडलेल्या. खारं पाणी. काकांनी खोका काउंटरवर आपटला. "आयपी 68 लिवलेला नाय हयसर? पाण्यात चलता म्हणान तूच सांगितलंस मां?" सांगितलं होतं, मीच. त्या 68 ची, म्हणजे फोन पाण्यात किती टिकतो त्याची, परीक्षा गोड्या पाण्यात घेतलेली असते आणि पाणी आत गेलं तर वॉरंटी मिळत नाही, हेही खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात असतं. ते मी सांगितलं नव्हतं, कारण विकताना शिकवतात त्यात ते नसतं. काका म्हणाले, "मगे आमचो दर्यो काय गोड्या पाण्याचो आसा?" याला उत्तर नाही. फोन सर्व्हिस सेंटरला कोल्हापूरला पाठवला, तो तसाच परत आला. राहिलेले पाच हप्ते त्यांनी बंद फोनचे फेडले. आता दांडीच्या माणसाला फोन दाखवताना मी आधी खाऱ्या पाण्याचं सांगते, मग किंमत. विक्री कमी होते ती होते.

आणि उभं राहणं. सकाळी दहा ते रात्री नऊ. दुकानात दोन स्टुलं आहेत, ती गिऱ्हाईकांसाठी. दुकान रिकामं असलं तरी बसलेली माणसं बाहेरून बरी दिसत नाहीत, असं वरून येणाऱ्या साहेबांचं म्हणणं. टेम्पर्ड ग्लास लावताना पंखा बंद करावा लागतो, नाहीतर काचेखाली धूळ जाते. मे महिन्यात बंद पंख्याखाली, कपाळाचा घाम स्क्रीनवर पडू नये म्हणून श्वास धरून मी ग्लास लावते, आणि समोर तारकर्लीहून आलेले पर्यटक म्हणतात, "ताई, जरा पटापट." केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालं पाहिजे असं कायद्यातच लिहून टाकलं. समुद्र त्यांनाही आहे, उकाडा त्यांनाही आहे.

सुट्टीचं बोलू का? चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात चाकरमानी उतरतात, टीव्ही, स्पीकर, फोन, सगळं त्याच आठवड्यात विकलं जातं. सुट्टी मागायची सोय नाही. गेल्या वर्षी माझ्या घरची गणपतीवरची माटवी कोणी बांधली ते मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमचा शेट वाईट माणूस नाही, हे लिहिलं नाही तर पाप लागेल. पगार वेळेवर देतो. याआधीच्या दुकानात डेमोचा एक फोन गर्दीत चोरीला गेला, तर त्याची किंमत तीन महिने माझ्या पगारातून कापली. माझं ऐकून न घेता. नुकसान कापायच्या आधी कामगाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे असा कायदा आहे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं, तेही एका वकिलाच्या फोनला कव्हर बसवताना.

तर आता तो चारचा आकडा.

1948 च्या जुन्या दुकान कायद्यात चार माणसांचं दुकानही धरलेलं होतं आणि आठवड्यातून एक दिवस बाजार बंद असायचा. माझ्या वडिलांच्या पिढीला तो वार पाठ होता. मग 2017 चा कायदा आला, डिसेंबर 2017 पासून लागू झाला. दुकान वर्षाचे 365 दिवस उघडं ठेवायला मोकळीक मिळाली. त्याच्या बदल्यात कामगाराला दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट पैसे. वाचायला छान होतं. पण हे सगळं तेव्हा 10 किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानालाच होतं. त्याखालच्या मालकाने सरकारला दुकान असल्याचं कळवलं की झालं. म्हणजे उघडं ठेवायची मोकळीक आमच्या दुकानापर्यंत पोचली आणि सुट्टी वाटेतच राहिली.

सप्टेंबर 2025 मध्ये तुमच्या मंत्रिमंडळाने तो 10 चा आकडा 20 वर न्यायचा आणि दिवसाचे तास 9 चे 10 करायचं ठरवलं. साहेब, मालवणच्या बाजारपेठेतून एकदा चालत या. भरडावरून निघा आणि बंदरापर्यंत दुकानं मोजा. वीस माणसं कामाला असलेलं दुकान दिसलं तर मला दाखवा. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीतही वेगळं चित्र नाही. छोट्या दुकानदाराला कागदपत्रांचा जाच नको, हे मला पटतं. रजिस्टरं नकोत, इन्स्पेक्टर नको, चालेल. पण साप्ताहिक सुट्टी आणि तासांची मर्यादा म्हणजे रजिस्टर नव्हे. ती दोन माणसांच्या दुकानालाही लावता येते, 1948 साली लावलीच होती. त्यासोबत एक स्टूल, आणि प्रमोटर पोरांना मराठीत एक पत्र, ज्यात मालक म्हणून एकाच कोणाचं तरी नाव असेल.

तोवर एक विचारते. आमच्यासारख्या चार माणसांच्या दुकानात कोणाची आठवड्याची सुट्टी नाकारली तर त्याने जायचं कुठे? कुठल्या गावातल्या कुठल्या कचेरीत, कुठल्या टेबलाशी? त्या कचेरीचा पत्ता तेवढा कळवा. आणि ती किती ते किती उघडी असते तेही लिहा, कारण दहा ते नऊ मी काउंटरवर असते.

आपली,
मोबाईलच्या दुकानातली एक कामगार,
मालवण, जि. सिंधुदुर्ग