जर्नल पूर्ण, प्रोग्रॅम अपुरा

महोदय,

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला की 'सी' या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पेपरने किती जणांची दांडी उडवली, याचीच चर्चा. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. सगळे पॉइंटरला, म्हणजे मेमरीतले पत्ते हाताळण्याच्या भागाला, दोष देतात, पण पोरं अडकतात ती त्याच्या बरीच अलीकडे. अ‍ॅरे म्हणजे ओळीने मांडलेली घरं; मोजणी 0 पासून, म्हणून 5 घरांच्या अ‍ॅरेत शेवटचं घर 4 क्रमांकाचं असतं. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) मात्र 5 पर्यंत पळवतात. कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) बहुधा चकार शब्द काढत नाही. उत्तर कधी बरोबर, कधी भलतंच. मग शेजारच्याचा प्रोग्रॅम उतरवायचा आणि मोकळं व्हायचं!

जी तरतात ती कागदावर तक्ता आखतात: प्रत्येक फेरीत 'आय' (फेऱ्या मोजणारा आकडा) किती, बेरीज किती. एररची लांबलचक यादी आली तरी आधी पहिली ओळ वाचतात. एक सेमीकोलन राहिला की खालच्या निम्म्या तक्रारी फुकटच्या असतात. (मराठी माध्यमातली मुलं यात मागे पडतात, हे मला तरी दिसलं नाही.)

काही ठिकाणी अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरची निळी खिडकीच चालू आहे. फुकट मिळणाऱ्या जीसीसी या कंपायलरमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) -g या पर्यायासह लावला की अ‍ॅरेबाहेर कोणत्या ओळीत पाऊल पडलं, ते तो दाखवतो. तो पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवा. आणि सुवाच्य अक्षरातल्या जर्नलचे गुण कमी करून, तोंडी परीक्षेत समोर बसवून प्रोग्रॅममधली एक अट बदलायला सांगा.

— एक प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली