भाग कंपनीचाच, मग वॉरंटी कोणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या गाडीच्या मॉडेलला क्रूझ कंट्रोल (पेडल न दाबता ठरवलेला वेग राखणारी सोय) नव्हतं. वरच्या मॉडेलची त्यासाठीची स्टिअरिंगवरची बटणं, कंपनीच्याच सीलबंद खोक्यातली, मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घेतली. काही महिन्यांत ही बटणं बंद पडली. सेंटरकडून उत्तर मिळालं, "गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हे नव्हतं, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही."

हे उत्तर अर्धंच आहे. नंतर बसवलेल्या भागाला बहुधा सुट्या भागाची वेगळी वॉरंटी असते, तिची मुदत आणि अटीही निराळ्या. भाग नुसता विकत घेऊन बाहेर बसवला तर मजुरी सहसा मिळत नाही, हेही मान्य. पण इथे बसवलं त्यांनीच. बिलावर पार्ट नंबर आहे, जॉबकार्डावर किलोमीटर आहेत, बटणं चालावीत म्हणून गाडीच्या कंट्रोल युनिटचं (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचं) कोडिंगही त्यांच्याच कॉम्प्युटरवरून झालंय. मग जायचं कोणाकडे?

खरा संताप पुढेच आहे. या बटणांचं निमित्त करून सस्पेन्शनचा (धक्के झेलणाऱ्या भागांचा) आवाजही वॉरंटीबाहेर ढकलला जातोय! वायर कापून जोड दिला आणि त्यातूनच बिघाड झाला, तर नकार समजू शकतो. इथे मूळ कपलरलाच (वायरींच्या तयार प्लगलाच) कपलर जोडलाय, एकही वायर सोललेली नाही. बिघाडाचा संबंध दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्याचीच हवी.

भागाची मुदत किती, मजुरी धरून की वगळून, हे कंपन्यांनी बसवतानाच बिलावर छापावं. आणि नकार द्यायचाच असेल तर कारणासह लेखी द्यावा.

– एक वाहनमालक