विधी महाविद्यालय निवडताना

महोदय, विधी शाखेकडे वळणारे अनेक विद्यार्थी कॉर्पोरेट फर्ममधील वेतनाचे आकडे पाहून महाविद्यालय निवडतात. परंतु ज्यांना कामगार, आदिवासी वा कच्च्या (खटल्याचा निकाल न लागलेल्या) कैद्यांसाठी वकिली करायची आहे, त्यांनी तेथील विधी सहाय्य केंद्र खरोखर चालते का आणि विद्यार्थी कारागृहात, तालुका न्यायालयात जातात का, हे आधी विचारावे. शुल्काचा प्रश्न तर याहून निर्णायक आहे, कारण राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांत असते आणि कर्ज डोक्यावर असलेल्या पदवीधराला, मनापासून इच्छा असूनही, अल्प मानधनाची कामे परवडत नाहीत. म्हणूनच मुंबईच्या १८५५ सालच्या शासकीय विधी महाविद्यालयासारखा कमी खर्चाचा पर्याय मला अधिक योग्य वाटतो. किती माजी विद्यार्थी गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणांसाठी काम करतात, हेही प्रत्येक महाविद्यालयाने माहितीपुस्तिकेत छापावे.