बंधाऱ्यावर किती?

कोल्हापूर,
१२ जुलै

प्रिय सत्या,

परवा फोनवर तू 'बायपोलर' एवढाच शब्द बोललास आणि गप्प झालास. मलाही पुढं काही सुचलं नाही. मन कधी उधाणाला नेणारा, कधी तळाला बुडवणारा हा आजार माझ्यासारखाच आता तुलाही निघाला. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस लागलाय, म्हणून निवांत लिहायला बसलो.

२०१६ साली मला गाडीत घालून दवाखान्यात नेणारा तूच. चार रात्री मी डोळा मिटला नव्हता. पहाटे तीनला रंकाळ्याला फेऱ्या मारत होतो, पाच ठिकाणी मिसळीची हॉटेलं काढायची म्हणून पीएफ मोडायला निघालो होतो. ते तू पाहिलंस. नंतरचे तीन महिने तू पाहिले नाहीस. तेव्हा अंघोळीला उठायचं म्हटलं तरी डोंगर वाटायचा. त्यातले दोन महिने देवरुषाचा अंगारा लावण्यात गेले. आईला मी बोल लावत नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिनं केलं.

तुझ्या मनात असेल, हे कायमचं जाणार का? नाही जाणार. हे तुला माझ्याकडूनच कळू दे. पण गंगावेशीतली माणसं पंचगंगा आटायची वाट बघत संसार थांबवतात का रे? जुलै लागला की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर किती?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. शहाणा माणूस ३९ लाच जनावरं हलवतो, सामान माडीवर चढवतो. मीही आजाराच्या बाबतीत तेच करायला शिकलो. माझी पट्टी म्हणजे झोप.

आमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर आहे. रोजच्या चौकटीत दुधाचा आकडा, आणि त्याच्या खाली तुझ्या वहिनीच्या अक्षरात माझ्या झोपेचे तास. सात, साडेसात, सात. ओळीनं दोन दिवस पाच आले आणि तरी मला थकवा नसला, उलट अंगात जोर आला, बोलणं वाढलं, की माझे ३९ फूट झाले. मग डॉक्टरांना फोन, एटीएम कार्ड वहिनीकडं, आणि आठ दिवस कुठलाच व्यवहार नाही. पाणी दुसऱ्या अंगानंही चढतं. मी फोन उचलेनासा झालो, दाढी राहिली, की तीही खूण. या खुणा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. तुझ्या कोणत्या, ते तुझ्या घरी वहिनींना विचार. आपल्या आधी घरच्यांना दिसतं.

गोळ्यांचं सांगतो. मला लिथियम लागू पडलं. हा एक साधा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी या आजारावर त्याचा गुण दाखवून दिला, आणि अजूनही ते वापरात आहे. पण त्याला माप लागतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. माझी पातळी ०.७ च्या आसपास ठेवतात. दीडच्या पुढं गेली की अंगावर उलटते. शिवाय सहा महिन्यांनी थायरॉइड आणि किडनीची तपासणी. तुला कदाचित वेगळी गोळी देतील, तो डॉक्टरांचा प्रश्न. फक्त बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. २०१८ ला मी केली, आणि दीड महिन्यात पुन्हा दवाखान्यात. बरं वाटत होतं ते गोळीमुळंच.

फौंड्रीत मी भट्टीवर होतो हे तुला आठवत असेल. एका मे महिन्यात घामानं अंगातलं पाणी गेलं, वर गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून खाल्ली. लिथियम चढलं. हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप बशीत वाजत राहिला, मग उलट्या. त्यानंतर साहेबांना खरं काय ते सांगितलं. सांगताना घशाला कोरड पडली होती. त्यांनी मला भट्टीवरून काढून स्टोअरला घेतलं, रात्रपाळी कायमची बंद केली. पगार थोडा उतरला. पण रात्रपाळी माझ्यासाठी विष आहे, झोपेची वेळ मोडली की सगळं मोडतं. आता तहान असो नसो, पाण्याची बाटली जवळ असते, आणि जेवणातलं मीठ एकाएकी कमी-जास्त करत नाही.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गाड्या बंद, आणि माझ्याकडं चारच दिवसांच्या गोळ्या. गल्लीतल्या पोरांनी कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन चिठ्ठीवर गोळ्या आणल्या. कसल्या गोळ्या, हे एकानंही विचारलं नाही. त्या दिवशी मला रडू आलं, सत्या. तेव्हापासून महिन्याच्या गोळ्या घरात जास्तीच्या असतात.

आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आपल्याला एक मोठा हक्क दिलाय. पुढं आजार उलटला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीनं कोण बोलणार, हे आपण शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो. मी लिहिलंय, तुझ्या वहिनीचं नाव घातलंय. लिहिताना वाटलं, ज्या दिवसांत माझं कुणी ऐकणार नाही अशी भीती होती, त्या दिवसांतही आता माझा शब्द राहील. तूही लिही. आणि रात्री-अपरात्री मन फारच खाली गेलं तर मला फोन कर, मी उठेन. मी नाही उचलला तर १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

तुला वाटत असेल, लोक काय म्हणतील. म्हणतात. एका नातेवाइकानं मुलीच्या बारशाला आम्हाला बोलावलं नाही. ते अजून दुखतं, खोटं कशाला सांगू. पण तालमीतली आपली माणसं अजून पहाटे हाक मारतात. जोर आता जमत नाहीत, तरी मातीत उतरतो, पोरांना डाव सांगतो. थोरलीचं दहावीचं वर्ष आहे, गणित मी घेतो.

पाऊस उघडला की चार दिवस ये. दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊ, घरी पांढरा रस्सा. साडेदहाला मात्र मी झोपतो, तूही झोपायचं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आज सकाळी बंधाऱ्यावर ३१ फूट होतं. मी काल सात तास झोपलो. तुझं कळव.

तुझाच,
बाळू