बंदी घालायची तर आधी सत्कारावर घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपापल्या देशात लोकशाहीची गळचेपी करणाऱ्या परक्या पुढाऱ्यांवर अमेरिका निर्बंध घालते, म्हणजे व्हिसा नाकारते, पैसा गोठवते, त्या कायद्यांची आरती ओवाळणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. भाषा झकास. पण ज्याचा पैसा अमेरिकेच्या बँकेत नाही आणि पोरगं तिकडं शिकायला नाही, त्याला या कायद्यानं नेमकं काय दुखतं, एवढं मात्र राहून गेलं.

ग्वाटेमालाच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारी खटल्यांच्या प्रमुख, कोन्सुएलो पोरास यांचा दाखला तुम्हीच दिलाय. बाईंचं नाव २०२१ मध्ये अमेरिकेच्या काळ्या यादीत गेलं. २०२२ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी त्यांना आणखी चार वर्षं त्याच खुर्चीवर बसवलं! २०२३ ची निवडणूक जिंकलेल्या अरेव्हालोंची वाट अडवायला मग त्यांच्याच कार्यालयानं आकाशपाताळ एक केलं. अरेव्हालोंचा शपथविधी झाला, पण त्यात व्हिसाबंदीपेक्षा रस्ते अडवून बसलेल्या तिथल्या मूळनिवासी लोकांचा हात मोठा. आपल्या शेजारी बांगलादेशात काय झालं? मे २०२३ मध्ये अमेरिकेची व्हिसा नाकारायची धमकी, जानेवारी २०२४ मध्ये विरोधकांच्या बहिष्कारातच निवडणूक उरकली, आणि हसीनाबाई ऑगस्टमध्ये सत्तेवरून गेल्या त्या विद्यार्थ्यांमुळं.

जॉर्जिया देशाच्या सत्ताधाऱ्यांवर निर्बंध आणणारं मेगोबारी विधेयक मात्र मी दोनदा वाचलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ते ३४९ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झालं. पुढं सिनेटमध्ये रखडलं, ते असू द्या. माझं लक्ष त्या ४२ वर. विरोधात किती होते हे तिथं कुणीतरी मोजलं आणि लिहून ठेवलं.

आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत (नाव घालत नाही, उगीच तुम्हाला नोटीस यायची) मोजायचा प्रश्नच येत नाही. मार्च संपल्यावर सहा महिन्यांत सभा घ्यायची, हा नियम अगदी काटेकोर पाळतात. अहवाल मंगल कार्यालयाच्या दारात हातात पडतो. पुढच्या रांगांत सकाळपासून आणून बसवलेली पोरं, त्यातली निम्मी सभासद तरी असतील का, देव जाणे. सचिवांनी विषय वाचायला तोंड उघडलं की ‘मंजूर! मंजूर!’ विषय कुठला ते वाचणाऱ्यालाही ऐकू जात नाही. गेल्या सभेत थकीत कर्जांची नावं विचारायला मी उभा राहिलो. माईक माझ्यापर्यंत आला, मी ‘अध्यक्षमहाराज’ म्हणालो आणि तो बंद पडला. मोठ्यानं विचारायला लागलो तोवर स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू! अख्खा हॉल उभा राहिला. आता मी प्रश्नासाठी उभा होतो की राष्ट्रगीतासाठी, हे कोण सांगणार? इतिवृत्तात ‘सर्व विषय सर्वानुमते मंजूर’. बाहेर कूपन दाखवून स्टीलचा डबा घ्यायचा. तो मीही घेतला. माझ्याच भागभांडवलातला होता.

तर संपादक महाशय, असल्या चेअरमनला व्हिसा नाकारून काय उपयोग? त्यांची धाव गोव्यापर्यंत. आमच्या कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि मतदान जानेवारी २०२६ ला झालं, मधली पाच वर्षं या शहरात नगरसेवक नावाला नव्हता. त्याबद्दल वॉशिंग्टननं कुणाचा व्हिसा अडवायचा होता, तेही अग्रलेखात आलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडच्या माणसाची खरी गोची मानात आहे. फेटा, शाल, हार, व्यासपीठावरची मधली खुर्ची. ती काढून घ्या, मग बघा कसा तडफडतो. अमेरिकेचा कायदा तरी दुसरं काय करतो? माणसाला वाळीतच टाकतो. (आपल्याकडं सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ठाऊक आहे. मी कुणाचं पाणी तोडा म्हणत नाही, नुसतं प्रमुख पाहुणा म्हणून बोलावू नका म्हणतोय.)

आणि इथंच तुमचा संबंध येतो. ज्या अंकात जगभरच्या हुकूमशहांना खडे बोल सुनावलेत, त्याच अंकाचं पान तीन उघडा. आमच्या चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाची पानभर रंगीत जाहिरात. ‘सहकारातील लोकशाहीचे खंदे पुरस्कर्ते’! खाली शुभेच्छुकांचे शिक्क्याएवढे फोटो, त्यात माईक बंद करणारा पठ्ठ्या दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा. मजकूर त्यांचा असतो, आमची जबाबदारी नाही, असं बारीक अक्षरात छापता ते वाचलंय. पण अग्रलेख आणि जाहिरात यांच्यात एखाद्या दिवसाचं अंतर तरी ठेवा.

थकीत कर्जांबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही चार ओळींवर आणलंत, तेही प्रश्न गाळून. या खेपेला जागेची अडचण असेल तर पानभर जाहिरातीचा दर कळवावा. आम्ही काही सभासद वर्गणी काढून नुसता प्रश्नच छापू.

कळावे,
एक सभासद (नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये)
मंगळवार पेठ, कोल्हापूर