जाहिरातीत मेगापिक्सेल ठळक, एफएमचे नाव नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीत आणि लग्नसराईत वर्तमानपत्रांतून मोबाइलच्या पानभर जाहिराती येतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती एमएएचची, चार्जिंग किती वॅटचे, सगळे ठळक. त्या फोनवर रेडिओ लागतो की नाही, याबद्दल चकार शब्द नसतो. दुकानात विचारावे तर पुष्कळ ठिकाणी दुकानदार प्ले स्टोअरमधून 'एफएम' नावाचे एखादे अ‍ॅप टाकून देतो आणि म्हणतो, "घ्या, झाला एफएम." गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. पण तो एफएम नव्हे. ते इंटरनेटवरून येणारे गाणे आहे. या घोळाबद्दल आणि त्याहून मोठ्या दुसऱ्या एका घोळाबद्दल, म्हणजे मोबाइललाच एफएम स्टेशन बनवण्याच्या खुळाबद्दल, हे पत्र.

खरे-खोटे दुकानातच कळते. फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा. रेडिओ चालू राहिला तर फोनमध्ये रिसीव्हर, म्हणजे हवेतली एफएमची लहर पकडणारा भाग, आहे. गप्प झाला तर नुसते अ‍ॅप आहे. फरक खिशाला जाणवणारा आहे. इंटरनेटवरचे १२८ केबीपीएसचे (सेकंदाला १२८ किलोबिटचे) प्रसारण तासाला सुमारे ५८ एमबी डेटा खाते, ६४ केबीपीएसचे सुमारे २९ एमबी. खऱ्या एफएमला डेटा शून्य लागतो. सिमसुद्धा लागत नाही. जुना, सिम काढून ठेवलेला फोन गोठ्यात टांगून ठेवला तरी रेडिओ वाजतो. अतिवृष्टीत हा फरक आणखी मोठा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने पाऊस कसा असतो ते पाहिले आहे. अशा वेळी आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज जाते. चाळीस किलोमीटरवरचे एफएम केंद्र जनरेटरवर चालू असेल, तर आपल्या गावचा टॉवर पडला काय नि उभा राहिला काय, रेडिओ ऐकू येतो. अर्थात फोनमध्ये रिसीव्हर असेल तरच.

फोनवर एफएम लागायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली चिप. वायफाय आणि ब्लूटूथ ज्या चिपमध्ये असते, बऱ्याचदा त्याच चिपच्या एका कोपऱ्यात एफएमचा रिसीव्हर असतो. दुसरी अँटेना, तिसरी कंपनीचे सॉफ्टवेअर. शेवटच्या दोन गोष्टींतच बहुतेकदा गोम असते. चिपमध्ये सोय असूनही कंपनीने तारा जोडलेल्या नसतात किंवा ड्रायव्हर (रिसीव्हर चालवणारे सॉफ्टवेअर) दिलेला नसतो. अशा फोनवर प्ले स्टोअरचे कोणतेही अ‍ॅप रेडिओ 'चालू' करू शकत नाही, कारण बाहेरच्या अ‍ॅपला त्या रिसीव्हरपर्यंत जायची वाटच अँड्रॉइडने ठेवलेली नाही. फोनबरोबर आलेले कंपनीचे 'एफएम रेडिओ' अ‍ॅप असेल तरच पुढे जायचे. आयफोनबद्दल हुज्जत घालणाऱ्यांसाठी एवढेच की, आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएम चिपही नाही आणि त्यासाठीची अँटेनाही नाही, हे कंपनीने २०१७ मध्येच जाहीर केले होते.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना सूचनापत्र काढले. ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे ती बंद ठेवू नये, चालू स्थितीतच द्यावी, असे त्यात म्हटले होते. सूचनापत्रच ते, त्याला कायद्याचे दात नाहीत. पण गिऱ्हाइकाने दुकानात ते बोलून दाखवायला काय हरकत आहे?

आता अँटेना. तक्रारी सगळ्यांत जास्त इथल्याच. आपल्याकडे एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये चालते. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब असते आणि ती नीट पकडायला तिच्या चौथाईइतकी, म्हणजे ७५ सेंटिमीटर, तार लागते. एवढी तार फोनच्या पोटात मावत नाही, म्हणून इयरफोनची वायरच अँटेना केलेली असते. कानात बोंडे घाला की घालू नका, वायर खोचलेली हवी आणि सरळ सोडलेली हवी. गुंडाळी करून खिशात ठेवली की खरखर सुरू. आवाज फोनच्या स्पीकरवर घ्यायचा असेल तर अ‍ॅपमध्ये स्पीकरचे चिन्ह दाबायचे, वायर मात्र काढायची नाही. ब्लूटूथची बोंडे इथे कामाची नाहीत. आवाज तिकडे पाठवायची सोय काही फोनांत असते, पण अँटेनासाठी वायर लागतेच. काही कीपॅड फोनांत 'वायरलेस एफएम' असते, म्हणजे अँटेना आत बसवलेली. केंद्र जवळ असेल तर ती छान चालते, दूर असेल तर कण्हते.

वायर खोचूनही फोन 'इयरफोन जोडा' म्हणत राहिला तर आधी भोकात टॉर्च मारून पाहा. खिशातला कापसाचा तंतू आणि धूळ मिळून तळाशी घट्ट गादी बनते, पिन शेवटपर्यंत जात नाही आणि आतली पट्टी दाबली जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती उकरायची. टाचणी किंवा सुई घातली की आतली पट्टी वाकते, आणि मग पूर्ण जॅक बदलण्याचा खर्च येतो.

बोंडे तुटलेल्या इयरफोनची वायर फेकू नका. ती नसेल तर अँटेना घरी बनते. तीन भागांची ३.५ मिलिमीटरची पिन घ्यायची (टोक, मधली कडी आणि बूड) आणि बुडाच्या मोठ्या पत्रीला ७५ सेंटिमीटर साधी वायर डाग द्यायची. नुसती तार लावलेली पिन काही फोन ओळखत नाहीत, कारण ते पलीकडे इयरफोनचा रोध आहे का ते मोजतात. त्यासाठी टोक ते बूड एक आणि कडी ते बूड एक, असे ३३ ओहमचे दोन रेझिस्टर लावायचे. इयरफोनचा रोध साधारण ३२ ओहमच असतो. जुन्या इयरफोनचीच वायर वापरणार असाल तर आतल्या केसासारख्या तारा नुसत्या पिळून जोडू नका. त्यांवर रंगीत एनॅमल असते, त्यातून वीज जात नाही. सोल्डरिंगच्या तापल्या टोकावर ताज्या कथिलाचा थेंब धरून तार त्यात बुडवायची. धूर निघतो, रंग जळतो आणि तार चकचकीत होते. मग डाग बसतो. तांब्याच्या रंगाची ती बहुधा ग्राउंडची, आणि अँटेना म्हणून तीच उपयोगी.

३.५ चे भोकच नसलेल्या फोनांत टाइप-सीच्या इयरफोनवर एफएम लागतो, पण सगळ्या मॉडेलांत नाही आणि टाइप-सीला ३.५ ची पिन जोडणाऱ्या सगळ्या कन्व्हर्टरवर तर नाहीच. स्वस्त कन्व्हर्टर नुसत्या तारा पुढे नेतात. दुसऱ्या जातीत आवाज बनवणारी चिप कन्व्हर्टरच्या आतच असते, आणि तिथे अँटेनाची वाट तुटू शकते. म्हणून दुकानात आपल्याच इयरफोनने आणि आपल्याच कन्व्हर्टरने लावून बघायचे, तेही दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन. आत एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरांच्या गर्दीत चांगला फोनही नापास होतो. घरीही तेच. फोन चार्जिंगला लावल्यावर रेडिओ घरघरतो, तो दोष चार्जरचा असतो. पिन काढली की आवाज साफ.

परदेशातून आलेल्या फोनचे एक वेगळेच दुखणे. अमेरिकेच्या सेटिंगवरचा रेडिओ ८८.१, ८८.३, ८८.५ असा दोन-दोन घरे उडी मारतो, दशांशानंतर सम आकडा असलेले केंद्र त्याला सापडतच नाही. अ‍ॅपमध्ये प्रदेश बदलता येत असेल तर भारत किंवा युरोप निवडायचे. जपान निवडलेले असेल तर पट्टा ७६ पासून सुरू होतो, १०८ च्या बराच आधी संपतो आणि वरची केंद्रे गायब होतात. ऑटो स्कॅनवरही विसंबू नये. तो फक्त जोरदार केंद्रे उचलतो. आपल्या केंद्राचा आकडा ठाऊक असेल तर हाताने लावावा.

बालाघाटच्या डोंगरांच्या कुशीतल्या गावांतून नेहमीची विचारणा येते की, शेजारच्या गावाला लागते, आम्हाला का नाही? एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की संपली. मैदानावर १०० मीटर उंच टॉवरची लहर उभ्या माणसाच्या हातातल्या फोनपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर पोहोचते. तोच माणूस १० मीटर उंच गच्चीवर गेला तर सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत ऐकू येते. पत्र्याच्या घरात पत्राच लहर अडवतो. दारात बसा, नाहीतर वायर खिडकीबाहेर सोडा.

आणि परभणी. "मोबाइलात एफएम आहे, पण परभणी लागत नाही," ही तक्रार जुन्या श्रोत्यांची. परभणी आकाशवाणीचा १३०५ हा आकडा किलोहर्ट्झमधला, मध्यम लहरींचा आहे. तो एफएमचा नाही. त्या लहरीची लांबी २३० मीटर भरते. ती पकडायला ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर तारेचे वेटोळे असते. मोबाइलात ती कांडी नसते, तिथे मध्यम लहर लागत नाही, कितीही लांब वायर लावा. मध्यम लहरींची केंद्रे फोनवर ऐकायची तर प्रसार भारतीचे 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅप आहे, पण ते डेटावर चालते. नाहीतर साधा ट्रान्झिस्टर घ्यावा.

दुसरा घोळ प्रक्षेपणाचा. 'मोबाइलला बनवा एफएम स्टेशन' अशा रील फिरतात, आणि सप्ताहात कीर्तन गावभर ऐकवता येईल म्हणून मंडळी अ‍ॅप टाकून बसतात. आजच्या फोनवर हे होत नाही. फोन लहरी सोडतो खरा, पण त्या ७०० मेगाहर्ट्झच्या वरच्या मोबाइल पट्ट्यांत, आणि वायफाय-ब्लूटूथच्या २४०० च्या आसपास व त्याहून वर. त्याचे अ‍ॅम्प्लिफायर आणि फिल्टर त्याच पट्ट्यांसाठी बनलेले असतात. एफएमच्या चिपमध्ये ऐकायचा कान असतो, बोलायचे तोंड नसते. अ‍ॅपवर १०१.५ आकडा झळकतो, सुई हलते, आणि हवेत काहीच जात नाही. मुद्दाम ट्रान्समीटर घातलेले फोन होऊन गेले आहेत, नोकिया एन७८ (२००८), एन९०० (२००९), एन८ (२०१०). त्यांचाही पल्ला दोन-तीन मीटरचा, म्हणजे गाडीत ठेवून गाडीच्या रेडिओवर गाणी ऐकण्यापुरता. गाडीच्या रेडिओत ब्लूटूथ आले आणि ती सोय गेली.

तेच काम आता गाडीच्या सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा ब्लूटूथ मॉड्युलेटर करतो. तो खरखरतो त्याची कारणे दोनच. एक, निवडलेल्या आकड्यावर किंवा शेजारी एखादे केंद्र आहे. दोन्ही बाजूंना ०.४ मेगाहर्ट्झ मोकळे असेल तो आकडा घ्यावा. जालन्यात मोकळा असलेला नांदेडात मोकळा असेलच असे नाही, वाटेत बदलावा लागतो. दुसरे, फोनचा आवाज शंभर टक्क्यांवर असतो. मग सिग्नल ठरलेल्या ७५ किलोहर्ट्झच्या मर्यादेबाहेर फाकतो आणि आवाज फाटतो. फोन ७०-८० टक्क्यांवर ठेवून बाकीचा आवाज गाडीच्या रेडिओवरून वाढवायचा.

यावर न भागणारे लोक ऑनलाइन मिळणारी पाच-सात वॅटची किट मागवतात. तिथे मात्र थांबा. १०८ मेगाहर्ट्झ संपल्याबरोबर विमानांचा पट्टा सुरू होतो, आधी दिशादर्शक यंत्रणा आणि ११८ पासून वैमानिकांचे बोलणे. स्वस्त किटमध्ये फिल्टर नसतो, त्याची घाण वरच्या पट्ट्यात सांडते. चिकलठाण्याच्या किंवा नांदेडच्या विमानतळाजवळ हा खेळ करू नये हे सांगायला नको. आणि कायदाही स्पष्ट आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हाच आहे. गावचा रेडिओ खरोखर हवा असेल तर सामुदायिक रेडिओचा रस्ता आहे. २००६ च्या धोरणाने तो शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विद्यापीठे आणि किमान तीन वर्षे जुन्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना खुला केला. शक्ती साधारणपणे १०० वॅट, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. एकट्या व्यक्तीला परवाना मिळत नाही. सप्ताहाच्या सात दिवसांसाठी हा खटाटोप परवडणारा नाही. तिथे भोंगा किंवा यूट्यूबच बरे.

आपल्याला विनंती अशी. मोबाइलची जाहिरात घेताना आपला जाहिरात विभाग दुकानदारांना एक ओळ जोडायला सांगू शकतो : 'एफएम रिसीव्हर : आहे / नाही; वायर : ३.५ मिमी / टाइप-सी / लागत नाही'. वर्गीकृत जाहिरातींत जुने फोन विकणाऱ्यांनाही तीच ओळ लागू करावी. जागा लागेल एका ओळीची.

आपले,
मोबाइल व रेडिओ दुरुस्ती करणारे काही कारागीर,
जालना