सूचना: पत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नये

सर्व सभासदांस नमस्कार.

काल रात्री आपल्या फोंड्याच्या काकींना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली, तीही ओळखीच्या नंबरवरून. नाव पत्रिकेचे, पण शेवटी ‘.एपीके’. काकींनी बोट लावण्याआधी मुलाला हाक मारली, म्हणून वाचल्या. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते; एपीके म्हणजे अ‍ॅप. हाच तो ट्रोजन, म्हणजे साध्या फाइलचे सोंग घेऊन फोनमध्ये शिरणारे घातक अ‍ॅप. बसवून एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती जातो. वर तीच फाइल तुमच्या नावाने पुढे सगळ्यांना जाऊ शकते, म्हणून नंबर ओळखीचा असला तरी आधी फोन करून विचारा. वाहनाच्या दंडाच्या चलानाच्या नावानेही अशा फाइली फिरतात.

चुकून बसवलेच, तर लगेच नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. लाजून गप्प बसू नका, रात्र असली तरी.